स्वतः केलेल्या वीस प्रसूती

५ जानेवारी २०२५, रविवार

वीस! फक्त वीस! मी वर्गात इतक्या मोठ्याने हसले की खुशालराव सरांनी खडू खाली ठेवला आणि विचारलं, काय झालं मॅडम?

काय होणार? अकरा वर्षं मी अकोल्यात एकाच दवाखान्यात बाळंतपणं करते आहे. गेल्या डिसेंबरात एकट्या माझ्या ड्युटीत चोवीस झाली. आणि सर सगळ्या वर्गाला धीर देत होते — घाबरू नका, लॉगबुकात स्वतः केलेल्या वीस प्रसूती दाखवायच्या आहेत, जमेल. प्रत्येकीसमोर दवाखान्याच्या रजिस्टरचा नंबर आणि शेवटी शिक्क्याचा उतारा. २९ मार्चच्या आत अमरावतीला, सरांच्या टेबलावर. नाही दिलं तर परीक्षा नाही, वर्ष गेलं.

दोन वर्षं पोस्टाने आलेली पुस्तकं वाचली. दर रविवारी सहाची एसटी, मूर्तिजापूरला चहा, दहाला वर्गात. आत्ता मी एएनएम, म्हणजे सहायक परिचारिका आहे. सिस्टर म्हणतात ते हाक मारायला. जीएनएम झाले की नोंदणीकृत परिचारिका! सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स होता येईल, वॉर्ड सांभाळता येईल, माझी सही चालेल. आणि त्यासाठी वीस? वीस तर मी उपाशीपोटी करीन.

चांदूर रेल्वेची शकुन माझ्या शेजारी बसते. ती हसली नाही. म्हणाली, स्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे भरलेली लॉगबुकं मिळतात, फक्त आपलं नाव टाकायचं. मी म्हटलं, तुला लागत असेल, मला कशाला?

६ जानेवारी

रजिस्टर उघडलं. डिसेंबर. प्रसूती कोणी केली — डॉ. साधना. डॉ. साधना. डॉ. साधना. खाली तीच टिंबं टिंबं, म्हणजे वरीलप्रमाणे. नोव्हेंबर, ऑक्टोबर, मागचं वर्ष, कपाटातलं त्याच्या मागचं. माझं नाव, कहकशाँ, कुठेच नाही. एकदासुद्धा नाही!

आणि अक्षर कोणाचं? माझं. अकरा वर्षं मीच लिहिते आहे ना. हात धुतले, रजिस्टर ओढलं, मॅडमचं नाव टाकलं. पहिल्या दिवशी मला तसं सांगितलं होतं आणि मी परत विचारलं नाही. एवढी मी बावळट.

८ जानेवारी

मॅडमशी बोलायचं आहे. आज जमलं नाही. ओपीडीत साठ बायका.

१० जानेवारी, शुक्रवार

बोलले.

मॅडम वाईट नाहीत, हे आधी लिहिते म्हणजे रागात खोटं लिहिलं असं नको. या कोर्सचा फॉर्म त्यांनीच आणला होता. रविवारची सुट्टीही त्यांनीच दिली. म्हणून मी सरळ सांगितलं की माझ्या वीस प्रसूतींवर रजिस्टरात माझं नाव पाहिजे. मागचं बदलता येत नाही, पण इथून पुढच्या.

त्यांनी चष्मा काढला. "अगं, तू वीस नावं लिही ना मनानं. मी डोळे मिटून सही करते. शिक्काही देते."

मनानं? मी म्हटलं, मॅडम, मनानं कशाला, खऱ्या आहेत की. तर म्हणे रजिस्टरला हात लावायचा नाही. लोक पातूरहून, बाळापूरहून येतात ते हातगुणासाठी. डॉ. साधनांच्या हाताला यश आहे. उद्या कोणाच्या सासूनं रजिस्टरात सिस्टरचं नाव पाहिलं तर ती पुढच्या सुनेला कुठे नेईल?

हातगुण! कोणाचा हात? बाळाचं डोकं दिसलं तरी मॅडम खाली ओपीडीत असतात. डोकं बाहेर, खांदे बाहेर, वार पडली, टाके झाले, की मग त्या वर येऊन बाईच्या कपाळावर हात ठेवतात. तो हातगुण. दुपारभर नुसती धुसफूस करत होते मी. घरी नवऱ्याला, इमरानला, सांगितलं तर गादीत रुई भरता भरता म्हणाला, "साइन दे रही है ना? ले ले. तेरे को क्या, सर्टिफिकेट से मतलब." त्याला वाटतं सगळं काम गाद्यांसारखं. भरली, शिवली, गेली.

(इमरान, सासूबाई, सगळे उर्दू वाचतात. घरात मराठी वाचणारी मी एकटी, पातूरच्या मराठी शाळेतली. म्हणून तर ही वही मराठीत आहे.)

१२ जानेवारी, रविवार

सरांना बाजूला घेऊन विचारलं. प्रसूती मी केली, रजिस्टरात डॉक्टरांचं नाव, चालेल का? सर म्हणाले, नाही. उताऱ्यावर जे नाव तेच धरायचं. मग मी विचारलं, आणि झेरॉक्सवाल्याच्या लॉगबुकातल्या वीस चालतात? सर खिडकीतून बाहेर बघायला लागले. म्हणाले, मागच्या बॅचचं सगळ्यांचं पास झालं, तुम्ही फार खोलात जाऊ नका.

शकुननं विकत आणलेलं दाखवलं. पहिली बाई — मीना, वय २४, मुलगा, तीन किलो. मागच्या बाकावरच्या मुलीचं उघडलं. पहिली बाई — मीना, वय २४, मुलगा, तीन किलो! सगळ्या वर्गानं मिळून एकाच मीनाचं बाळंतपण केलेलं. धारणीपासून मेहकरपर्यंत ती एकटी बिचारी बाळंत होते आहे. बायका हसत होत्या. मला हसू आलं नाही. यातल्या निम्म्याजणींनी शेकडो पोरं जगात आणली आहेत, आणि कागदावर दाखवायला त्यांच्याकडे मीना!

मी लिहिणार नाही. माझ्या खऱ्या आहेत. खोटी एकही लिहिणार नाही.

१४ जानेवारी

तिळगूळ वाटला वॉर्डात. मॅडम म्हणाल्या गोड बोल. बघू.

१७ जानेवारी, शुक्रवार

आज तर हद्द झाली. बाळापूरची पहिलटकरीण. सकाळी सातपासून तिच्याजवळ. घाबरट पोरगी, माझा दुपट्टा दातात धरून ओरडत होती. बाळाच्या मानेभोवती नाळेचे दोन वेढे. मी सोडवले. पार्बताबाईनं तिचे पाय धरले, मी बाळ काढलं, रडत नव्हतं, पाठ चोळली, तोंड साफ केलं, रडलं. मॅडम त्यानंतर पाच मिनिटांनी आल्या.

संध्याकाळी सासू मॅडमसाठी साडी घेऊन आली, मोरपंखी, चांगली होती. "मॅडमच्या हाताले गुण हाये, नाईतं नातू हाती लागत नव्हता." मी तिथेच उभी होते. वार ठेवलेलं भांडं हातात घेऊन! मॅडमनी साडी घेतली आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला पेढ्याचा एक पुडा मिळाला. पार्बताबाईला त्यातले दोन.

पार्बताबाई म्हणजे आमची आया. साठीची असेल. लेबर रूम पुसते, भांडी उकळते, पाय धरते. मी पेढे टेबलावर आपटले तर म्हणाली, "खा वो सिस्टरबाई, पेढ्यावर काहून राग काढून राहिल्या?" तिला सगळं सांगितलं. तिनं नीट ऐकलं. नाव कुठे लिहितात, कोणाचं लिहितात, त्यानं काय होतं, सगळं विचारलं. मग म्हणाली, "मंग तुमी हातच नोका लावू. पाहू त्या किती खेपा वर येतात."

२० जानेवारी, सोमवार

लावला नाही हात! तिघी आल्या. प्रत्येक वेळी डोकं दिसायला लागलं की मी जिन्यावरून आवाज दिला — मॅडम, या. रजिस्टरात तुमचं नाव आहे, तुम्ही करा. हे शेवटचं मनात म्हटलं. मॅडम तिन्ही वेळा धापा टाकत वर आल्या. तिसऱ्या वेळी म्हणाल्या, तुला काय झालंय? मी म्हटलं, काही नाही, शिकते आहे.

२३ जानेवारी

आज पाच खेपा. मॅडमचे गुडघे सुजले. ओपीडीतल्या बायका बाकावर बसून कंटाळल्या, दोघी उठून गेल्या. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

२९ जानेवारी

सासूबाई, नसीमबानो, आमच्या घरची कोर्टकचेरी. त्यांचं म्हणणं, बडे लोगों से पंगा मत ले. नोकरी गेली तर? इमरान गप्प. त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ अम्मी बरोबर बोलतेय असा असतो.

जानेवारी संपला. लॉगबुक कोरं आहे. राग एकीकडे, तारीख एकीकडे.

३ फेब्रुवारी, सोमवार

लिहिलं! लिहिलं! निळ्या शाईनं लिहिलं!

मॅडम भाचीच्या लग्नाला चांदूर रेल्वेला गेलेल्या. दुपारी बारा वाजता पातूरकडचं एक कुटुंब ऑटोतून उतरलं. भगवंत त्याचं नाव, शेवंतीची शेती, बायकोचं तिसरं बाळंतपण. सोबत त्याची आई. आल्या आल्या विचारलं, "मॅडम कुठी हायेत? आमाले त्याइच्याच हातचं पायजे." मी सांगितलं, मॅडम लग्नाला गेल्या आहेत. म्हातारी म्हणाली थांबतो. थांबते कसली! सुनेचं डोकं — म्हणजे बाळाचं — दिसत होतं!

पंचवीस मिनिटं. मुलगी. तीन किलो शंभर. एक टाका नाही. सगळं आवरलं, हात धुतले, रजिस्टर ओढलं. पेन त्या रकान्यावर टेकलं. नाव लिहिलं. पूर्ण लिहिलं, पुढे एएनएमसुद्धा. लगेच महानगरपालिकेच्या जन्मनोंदीचा फॉर्मही भरून टाकला.

जाताना भगवंतनं ऑटोतून शेवंतीचा एक गठ्ठा काढला. "मॅडमसाठी आणला व्हता. पन केलं तं तुमी." घरी न्यायला लाज वाटली इतकी फुलं. अर्धी पार्बताबाईला दिली.

४ फेब्रुवारी

मॅडमनी पाहिलं. मग दार लावून घेतलं.

पान फाड म्हणाल्या. मी म्हटलं, पानांवर नंबर छापलेत. खोड म्हणाल्या. मी म्हटलं, जन्मनोंद गेली, तिथे हेच आहे. त्या म्हणाल्या, मी तुला मुलीसारखी वागवली. हे मला लागलं. कारण खरं आहे. पण मुलीसारखी वागवली तर मुलीचं नाव लिहायला काय होतं? हे मी बोलले नाही, इथे लिहिते आहे. तोंडातून निघालं ते एवढंच, "मॅडम, मला तुमची मेहरबानी नको. मी केलेलं माझ्या नावावर पाहिजे."

त्या म्हणाल्या, उद्यापासून येऊ नकोस.

५ फेब्रुवारी

गेले. रोजच्या वेळेला. कोणी काही म्हटलं नाही. दोन बायका कळा देत होत्या आणि दुसरी सिस्टर परतवाड्याला माहेरी. मॅडमनी मला बघितलं आणि म्हणाल्या, दोन नंबरचं बीपी घे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

तोड निघाली. तोड कसली, भीक!

मॅडम म्हणाल्या, "वीस. तुझ्या लॉगबुकापुरत्या. विसावी झाली की पुन्हा माझं नाव." त्यातही ज्या मॅडमचं नाव ऐकून येतात त्या सोडून. म्हणजे आधी ठरवून आलेल्या, ओळखीच्या, सोनारांच्या, वकिलांच्या सुना मॅडमच्या. ज्या रिक्षातून वेळेवर येऊन पडतात, ज्यांना डॉक्टरचं नावही माहीत नाही, त्या माझ्या.

मी हो म्हटलं. दुसरं काय करणार? सोनाराच्या सुनेचं बाळ काही वेगळ्या रस्त्यानं येत नाही. पण हो म्हटलं आणि तेव्हापासून अन्न गोड लागत नाही. अकरा वर्षांचं काम, आणि मला त्यातलं वीसच उचलायची परवानगी, तेही निवडून!

भगवंतची बायको पहिली धरली. एकोणीस राहिल्या.

९ फेब्रुवारी, रविवार

वर्गात सांगितलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. शकुननं नाही. ती म्हणाली, तुझी मॅडम तरी बरी, आमचे डॉक्टर मला लाथ मारून हाकलतील, म्हणून मी मीना घेतली. मी तिला बरंच सुनावलं. खोट्यानं मिळवलेलं रजिस्ट्रेशन भिंतीवर लावताना लाज वाटणार नाही का, वगैरे. ती डबा खात राहिली. येताना बसमध्ये वाटलं, जास्त बोलले. पण चूक नाही बोलले.

१३ फेब्रुवारी

चार.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सात. आज एकाच सकाळी दोन. दुसरीचं बाळ तिरकं उतरत होतं. पार्बताबाईनं बाईला डाव्या कुशीवर वळवलं, गुडघा पोटाकडे दाबून धरला, आणि मला म्हणाली थांबा जरा. दहा मिनिटांत डोकं सरळ झालं. हे एएनएमच्या वर्गात कोणी शिकवलं नव्हतं, पोस्टानं आलेल्या पुस्तकांतही नाही. अंग फाटू न देता डोकं कसं सोडायचं, हेही मी तिच्याकडूनच शिकले, पहिल्या वर्षी. ती गावाकडे सुईण होती. नवरा मेल्यावर अकोल्याला आली, दवाखान्यात तिला पुसायला ठेवली.

ती रोज विचारते, "आज तुमचं नाव लिवलं?" मी दाखवते. वाचता येत नाही तिला, पण त्या रकान्यावर बोट ठेवून बघते.

२४ फेब्रुवारी

दहा. निम्म्या! अजून महिना आहे.

२ मार्च, रविवार

पहिला रोजा. वर्गाला गेले. उन्हानं बसची खिडकी तापलेली. सर म्हणाले, तुमचं कसं चाललंय? मी म्हटलं, अकरा. सर म्हणाले, अजून वेळ गेलेली नाही, झेरॉक्सवाला उघडा आहे. शिक्षक म्हणे!

७ मार्च, शुक्रवार

तेरा. रोजा धरून लेबर रूममध्ये उभं राहणं सोपं नाही. घशाला कोरड, वर पंखा गरम हवा फेकतो. मॅडम म्हणाल्या, सोड गं महिनाभर. मी म्हटलं रोजे की बाळंतपणं? त्या हसल्या. कितीतरी दिवसांनी हसल्या. मीही हसले, आणि मग स्वतःचाच राग आला की एवढ्यात विरघळले.

१३ मार्च, गुरुवार

सोळावर अडकले. पाच दिवसांत फक्त ठरवून आलेल्या येत आहेत. काल रिक्षातून एक आली, एकटी, नवरा वीटभट्टीवर. मी मनात सतरा म्हटलं. नऊ तास धरून बसले तिच्याजवळ. शेवटी बाळाचे ठोके उतरायला लागले, मॅडमनी सिझर केलं. बाळ-बाळंतीण चांगली आहेत.

आणि मला काय वाटलं ते लिहिते, कारण इथे नाही तर कुठे लिहिणार. तिला आत नेताना मला तिचा राग आला. माझी सतरावी घेऊन चालली म्हणून. ती हात जोडत होती आणि मी आकडा मोजत होते. तौबा.

१७ मार्च

सतरा. अठरा. दोन्ही मुलगे.

२१ मार्च, शुक्रवार

इमराननं आज स्वतःहून विचारलं, कितनी हुई? मी म्हटलं अठरा. म्हणाला, हो जाएगी. मग गादीच्या कापडाचा एक तुकडा आणला, जाडाभरडा, आणि माझ्या लॉगबुकाला कव्हर शिवून दिलं. एक शब्द बोलला नाही. त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ मी नेहमी बरोबर लावत नाही असं दिसतं.

२४ मार्च, सोमवार

एकोणीस!! आता एक. फक्त एक.

२५ मार्च

कोणी नाही.

२६ मार्च

दोघी. दोघी मॅडमच्या. एक तर तहसीलदाराची पुतणी, मॅडम तासभर आधीच वर येऊन बसल्या. मी हातमोजे चढवले आणि परत काढले. मॅडमना विचारलं, ही एक द्या. त्या म्हणाल्या, ठरलं ते ठरलं. मी हात जोडले नाहीत एवढंच.

२७ मार्च, गुरुवार

कोणी नाही. अख्ख्या अकोल्यात आज कोणी बाळंत होत नाही का? सरांना फोन केला, सोमवारी चालेल का? म्हणे रविवारी पाडवा, सोमवारी तुमचीच ईद, ऑफिस बंद. शनिवारी पाचपर्यंत. एकोणीस असतील तर आणूच नका.

एकोणीस खऱ्या, एक कमी, तर नापास. वीसच्या वीस खोट्या, तर पास! हा कुठला न्याय? मला कोणी समजावून सांगा. पार्बताबाई म्हणाली, येईल वो उद्या, कोणीतरी येतेच.

२८ मार्च, शुक्रवार

विसावी झाली. अलविदा जुम्मा, रमजानचा शेवटचा शुक्रवार. दुपारी पावणेतीन. रेणुका, वय २६, दुसरी खेप, अकोट फैलाजवळ राहते. मुलगी, दोन किलो सातशे. दोघी चांगल्या. रजिस्टरात नाव लिहिलं गेलं. मॅडमनी उताऱ्यावर शिक्का मारला, सही केली. संपलं.

फार थकले आहे.

२९ मार्च, शनिवार

अमरावती. साडेतीनला दिलं.

सरांनी पानं उलटली. एकेक नंबर उताऱ्याशी ताडून पाहिला. मग शेजारच्या टेबलावरच्या बाईंना हाक मारून म्हणाले, इकडे या, हे बघा, या बॅचचं एकमेव खरं लॉगबुक! उभे राहिले सर, खुर्चीतून. मला म्हणाले, मी तुम्हाला झेरॉक्सवाल्याकडे पाठवत होतो, माफ करा. पुढच्या बॅचला दाखवायला हे ठेवून घेतो म्हणाले. मी नको म्हटलं. ते म्हणाले, अहो, लाजता काय?

शकुन तिथेच होती, तिच्या मीनासकट. तिचंही घेतलं. बाहेर आल्यावर ती म्हणाली, कहकशाँ, तू बोललीस ते बरोबर होतं, मला त्या दिवशी फार लागलं पण बरोबर होतं. मी म्हटलं, जाऊ दे ना ते. बस आली होती.

३१ मार्च

ईद. पाहुणे. सासूबाई सगळ्यांना सांगत होत्या, बहू बडी नर्स बन रही है.

२ एप्रिल, बुधवार

विसावी माझी नव्हती.

शुक्रवारी रेणुकाला तपासून मीच सांगितलं, अजून तासभर आहे. आणि चादरींच्या खोलीत नमाजला गेले. विसावी दे, एवढीच दुआ मागत होते. परत आले तर बाळ पार्बताबाईच्या हातात रडत होतं. मी फक्त नाळ कापली. मग रजिस्टर ओढलं आणि माझं नाव लिहिलं. ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली, हात पदराला पुसले, आणि तिनं विचारलं, "या खेपेले माह्यं नाव लिवलं का वो, सिस्टरबाई?"

मी हो म्हटलं. तिनं त्या रकान्यावर बोट ठेवलं. बराच वेळ ठेवलं.

आज शिरखुर्म्याचा डबा परत द्यायला आली. म्हणाली, उद्या नातीले घिऊन येतो, तिले तेवढं माह्यं नाव दाखवजा. खुशी सातवीत आहे. चांगली वाचते.